‘पिशवी काढली की सगळं पूर्ववत’ हा मेसेज पुढे पाठवू नका

कॅन्सर पेशंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तात्पुरती पिशवी (पोटावर छिद्र करून मल बाहेर घेण्यासाठी लावलेली) काढली की तीन महिन्यांत पोट पहिल्यासारखं होतं. नाही झालं तर पथ्य मोडलं किंवा मन कच्चं. आणि कायमची पिशवी काही झालं तरी टाळा. असं वाचून त्रासात असलेली माणसं गप्प बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

तीन महिन्यांचा. गुदाशय ही मल साठवायची जागा. ती काढून वरचं मोठं आतडं खाली गुदद्वाराजवळ जोडतात, पण त्या आतड्याला गुदाशयासारखं सैलावून साठवता येत नाही. ऑपरेशनमुळे आणि रेडिएशनमुळे आसपासच्या नसांना आणि स्नायूंनाही इजा होऊ शकते. मग दिवसातून अनेकदा जावं लागतं, आत्ता जाऊन आलं तरी पुन्हा कळ येते, घाई आवरत नाही, वारा आहे की मल हेच कळत नाही. याला ‘लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम’, थोडक्यात ‘लार्स’ म्हणतात. सुधारणा मुख्यतः पहिल्या एक-दोन वर्षांत होते आणि अनेकांना थोडाफार त्रास पुढेही राहतो. काही सर्जन आतड्याची घडी शिवून ‘जे-पाउच’ करतात. त्याचा फायदा सुरुवातीच्या वर्ष-दीड वर्षात जास्त दिसतो, पुढे साध्या जोडणीतला आणि त्यातला फरक कमी होत जातो.

‘मन कच्चं’ हे वाक्य मला सगळ्यात क्रूर वाटतं. जोडणी किती खाली आहे, रेडिएशन झालंय का, यावर त्रास ठरतो. पेशंटच्या धीरावर नाही. 2012 साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी हा त्रास मोजायला पाच प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. तिच्यात 0 ते 42 गुण असतात आणि 30 किंवा त्याहून जास्त झाले की तीव्र लार्स. आणि पथ्य म्हणाल, तर इथे मुंबईत लोकलला संडास नाही. बदलापूरहून कामावर यायचं तर लोक सकाळपासून काही खातच नाहीत. घरी पोचून रात्री जेवतात आणि रात्रभर उठत राहतात. याला पथ्य कसं म्हणायचं? ही उपासमार आहे.

उपाय आहेत. लोपेरामाइड ही जुलाब आवरणारी गोळी जेवणाआधी कधी आणि किती घ्यायची, हे डॉक्टर ठरवून देतात. इसबगोलाने काहींचा मल घट्ट होतो, काहींना मात्र नुसता गॅस होतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, बायोफीडबॅक (स्नायू नीट आवळले जातात का, हे यंत्रावर बघत शिकणं), गुदमार्गातून कोमट पाण्याने आतडं धुण्याची पद्धत (ही सर्जनने जोडणी तपासल्यावर, नर्सकडून शिकूनच), आणि यानेही भागलं नाही तर नसांना सौम्य विद्युत उत्तेजन देणारं यंत्र.

राहिली कायमची पिशवी. गाठ गुदद्वाराच्या स्नायूत शिरलेली असेल, तर ते वाचवण्याच्या हट्टापायी कॅन्सर मागे राहण्याची भीती असते. कायमची पिशवी असलेल्यांचं जगणं सरसकट जास्त वाईट असतं, हे अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून सिद्ध झालेलं नाही. तीव्र लार्सला कंटाळून स्वतःहून पुन्हा पिशवी मागणारेही आहेत, आणि त्यात हार कसलीच नाही.

तेव्हा पुढच्या ओपीडीला, परळच्या टाटा हॉस्पिटलला जात असाल किंवा दुसरीकडे, आठवडाभराची वही घेऊन जा: किती वेळा, रात्री किती, कपडे खराब झाले का. ‘बरं आहे’ म्हणून उठू नका. रक्त पडलं, वजन उतरत गेलं किंवा कमी झालेला त्रास एकदम उसळला, तर ओपीडीच्या तारखेचीही वाट पाहू नका.