पंजाब आयता मिळाला नव्हता

पानिपतचा दिवस जवळ आला की एक मजकूर फोनवर फिरू लागतो. यंदा तो मला चार ग्रुपांवर आला. त्याचा गोषवारा असा : पानिपतावर मराठे एकटे मेले आणि शीख घरी बसून राहिले, मराठ्यांनी अब्दालीचं कंबरडं मोडलं म्हणून मोकळा झालेला पंजाब शिखांना आयता मिळाला, त्यांच्या मिसली (सरदारांची लढाऊ दलं) म्हणजे लुटारूंच्या टोळ्या, आणि राज्य उभं केलं ते पुढे रणजितसिंगानं, एकट्यानं, शून्यातून. ज्या मुलखानं पानिपतात माणसं गमावली त्याच मुलखातला मी. ते दुःख घराघरात ऐकत वाढलो. म्हणूनच दुसऱ्यांनी सांडलेलं रक्त असं पुसून टाकलेलं मला बघवत नाही.

पहिला मुद्दा, घरी बसून राहण्याचा. त्या काळात शिखांना घर होतं कुठे? शिखांचा सेनानी बंदासिंग बहादूरला 1716 मध्ये दिल्लीत हालहाल करून मारलं. नांदेडला गुरू गोविंदसिंगांची भेट घेऊन पंजाबकडे निघालेला तोच हा बंदा. त्यानंतर लाहोरचा सुभेदार झकेरियाखान शिखांच्या मुंडक्यांवर इनाम लावत होता. 1746 मध्ये दिवाण लखपतरायानं केलेली कत्तल शीख आजही ‘छोटा घल्लूघारा’ म्हणून आठवतात. पुढे लाहोरचा सुभेदार म्हणून मीर मन्नू आला. त्याच्या काळातली एक लोकोक्ती पंजाबात अजून टिकून आहे : मन्नू आमचा विळा, आम्ही त्याची शेपू, जितकं कापतो तितके दुपटीनं उगवतो. ही माणसं जंगलात, नदीकाठच्या पाणथळीत, घोड्याच्या पाठीवर राहत होती.

आता अटकेपार झेंडे लावल्याच्या आपल्या अभिमानाकडे येतो. तो अभिमान खराच आहे. पण 1758 मध्ये रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर पंजाबात गेले ते तिथला मुघल सरदार अदीना बेग याच्या बोलावण्यावरून. सरहिंद जिंकताना शिखांची पथकं सोबत होती. मुलूख हाती आल्यावर मात्र सुभा दिला अदीना बेगला, वर्षाला 75 लाखांच्या बोलीवर. सत्ता मिळताच तो शिखांवर उलटला. ते लपतात ती जंगलं तोडायला त्यानं माणसं लावली. असं असताना 1760 मध्ये भाऊसाहेबांच्या फौजेसाठी शिखांनी धावत यायला हवं होतं, ही अपेक्षा कुठल्या वचनाच्या आधारावर? तरीही पतियाळ्याच्या आलासिंगकडून मराठ्यांच्या छावणीला धान्य जात होतं. पानिपतानंतर अब्दाली लूट आणि कैदी घेऊन परत निघाला, तेव्हा वाटेत त्याच्या पिछाडीवर छापे घातले ते शिखांनीच. पकडून नेलेल्या बायकांना त्यांनी तेव्हा सोडवलं, असं शीख परंपरा सांगते.

दुसरा मुद्दा, पंजाब आयता मिळाल्याचा, सगळ्यात खोटा, म्हणून तिथे जरा थांबतो.

पानिपत झालं जानेवारी 1761 मध्ये. त्याच वर्षी अब्दालीच्या लाहोरच्या सुभेदारानं गुजरांवाल्यात शीख सरदार चढतसिंग सुकरचकियाला वेढा घातला. बाकीचे सरदार धावून आले आणि सुभेदाराला सामान टाकून पळावं लागलं. वर्ष संपायच्या आत जस्सासिंग अहलुवालियाची फौज लाहोरात शिरली. अब्दालीचं कंबरडं मोडलं असतं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण 5 फेब्रुवारी 1762 रोजी तो मालेरकोटल्याजवळ कूप इथे शिखांवर चालून आला. शिखांसोबत बायका, मुलं, म्हातारे असा सगळा बारदाना होता. लढवय्ये त्यांच्याभोवती कडं करून लढत लढत सरकत राहिले. एका दिवसात किती मेले याचे अंदाज 10 हजारांपासून 30 हजारांपर्यंत जातात. हाच ‘वड्डा घल्लूघारा’. दोन महिन्यांनी अब्दालीनं अमृतसरचं हरिमंदिर, म्हणजे सुवर्णमंदिर, सुरुंगानं उडवलं आणि सरोवर बुजवलं.

एवढं झाल्यावर कुठलाही समाज निदान एक पिढी डोकं वर काढणार नाही. पण शिखांनी जानेवारी 1764 मध्ये सरहिंद घेतलं, तिथला फौजदार झैनखान लढाईत मारला गेला. एप्रिल 1765 मध्ये भंगी मिसलीचे लहनासिंग आणि गुज्जरसिंग, आणि त्यांच्यासोबत कन्हैया मिसलीचा सोभासिंग, यांनी लाहोर घेऊन तिघांत वाटून घेतलं. (या मिसलीचं नाव भांगेवरून पडलं आहे, मराठी वाचकानं दुसरा अर्थ काढू नये.) पानिपतानंतर जेमतेम सव्वाचार वर्षांत हे घडलं. अब्दाली पुन्हा आला तेव्हा त्यानं लहनासिंगला लाहोरचा सुभा देऊ केला आणि भेट म्हणून काबूलचा सुका मेवा पाठवला. लहनासिंगनं तो परत केला, सोबत मूठभर भाजलेलं धान्य ठेवलं आणि सांगितलं की मेवा राजांना शोभतो, आम्ही यावर जगतो. पानिपतानं अब्दालीची माणसं आणि पैसा खर्ची पडला, हे मी मान्य करतो. पण पंजाब त्याच्या हातून गेला तो दरवर्षीच्या या झुंजीत.

लुटारूंच्या टोळ्या म्हणायच्या तर आधी मिसल म्हणजे काय ते पाहावं लागतं. ‘मिस्ल’ या अरबी शब्दाचा अर्थ सारखा, बरोबरीचा. 1748 च्या वैशाखीला अमृतसरला पासष्टच्या आसपास जथे अकरा मिसलींत बसवले गेले आणि सगळ्यांचा मिळून दल खालसा झाला. वयोवृद्ध नवाब कपूरसिंगांनी आपणहून नेतृत्व जस्सासिंग अहलुवालियाकडे सोपवलं. वर्षातून दोनदा, वैशाखीला आणि दिवाळीला, अमृतसरच्या अकाल तख्तासमोर सरबत खालसा, म्हणजे सगळ्या शिखांची सभा, भरे. तिथे झालेला ठराव, म्हणजे गुरमता, सगळ्या सरदारांना बांधून ठेवी. स्वार आपल्या मर्जीनं एका सरदाराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. अहलुवालियाचं घराणं कलालाचं, जस्सासिंग रामगढिया सुताराच्या घरचा, बरेच सरदार शेतकरी जाट. खानदान बघून सरदारकी मिळत नव्हती. सरहिंद जिंकल्यावर स्वार चौफेर उधळले. ज्या गावात जायचे तिथे कमरपट्टा, म्यान, पागोटं, अंगावरचं काहीबाही टाकून गाव आपलं म्हणून खूण करायचे. शेवटी अंगावर टाकण्यासारखं काही उरलं नाही, असं सांगतात. गावं वाटली गेली ती अशी, कुणा बादशहाच्या सनदेनं नव्हे.

आणि पैसा? मिसली गावांकडून ‘राखी’ घेत, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, रब्बी आणि खरीप अशा दोन हप्त्यांत. बदल्यात अफगाणांपासून आणि इतर लुटारूंपासून त्या गावाचं रक्षण करायचं. चौथाई वसूल करणाऱ्यांच्या वारसांनी या पाचव्या हिश्श्याला लूट म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं. गंगा-यमुनेमधल्या दुआबात, गंगेपलीकडे त्यांच्या स्वाऱ्या झाल्या आणि त्यांत लोक नाडले गेले, हे खरंच आहे. पण शिखांचा कट्टर शत्रू काय सांगतो तेही ऐकावं. 1764-65 च्या स्वारीत अब्दालीच्या फौजेबरोबर आलेला काझी नूर मुहम्मद त्यांना कुत्रे म्हणतो. तोच पुढे लिहितो की ते पळणाऱ्याला मारत नाहीत, बाईच्या अंगावरच्या दागिन्याला हात लावत नाहीत, त्यांच्यात चोर नाहीत. 1783 मध्ये शीख सरदार बघेलसिंग दिल्लीत शिरला, तेव्हा त्यानं बादशहाकडून शहराच्या जकातीतले रुपयामागे सहा आणे मागून घेतले आणि त्यांतून गुरुद्वारे बांधले. आजचे सीसगंज, बंगलासाहिब, रकाबगंज ही त्याच कामाची आठवण. दोन वर्षांनी महादजी शिंद्यांनी याच सरदारांशी तह केला. महादजींना टोळी आणि सत्ता यांतला फरक नक्कीच कळत होता.

राहिला रणजितसिंग. त्याचं मोठेपण कुणी नाकारत नाही, मीही नाही. बाहेरचा शत्रू हटल्यावर मिसली आपसांत लढू लागल्या. जस्सासिंग रामगढियाला तर मुलूख सोडून हांसीकडे जावं लागलं. हे सगळं एका हाताखाली आणलं ते रणजितसिंगानं. पण शून्यातून कसं? तो चढतसिंगाचा नातू, वारशानंच एका मिसलीचा सरदार. 1799 च्या जुलैमध्ये त्यानं लाहोर घेतलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि त्याच्यासोबत होती त्याची सासू सदाकौर, कन्हैया मिसलीची फौज घेऊन. तिचा नवरा गुरबक्षसिंग रणजितसिंगाच्या वडिलांच्या बाजूशी लढताना मारला गेला होता. त्याच घरात तिनं मुलगी दिली, दोन मिसलींचं वैर मिटवलं आणि जावयाला लाहोरच्या वेशीपर्यंत नेलं. पुढे 1821 मध्ये जावयानं तिला कैदेत टाकलं आणि तिचा मुलूख आपल्या राज्याला जोडला. फिरणाऱ्या त्या मजकुरात तिचं नाव कुठेही नाही.