उत्तर: तो २०० चा आकडा आणि माझा कंजूषपणा

नमस्कार. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'सेकंदाला २०० एमबी वेगवालं कार्ड घेऊ नका सांगणारा स्वतः कंजूष आहे आणि लोकांनाही खड्ड्यात घालतोय,' असं लिहून तुम्ही तीन हरकती घेतल्यात. लग्नात तुमच्या कॅमेऱ्यात महागडं कार्ड स्वस्तातल्यापेक्षा उघड जास्त पळालं. ६४ जीबीच्या कार्डावर ५९ च दिसतात, ही फसवणूक. आणि एका मोठ्या कार्डाऐवजी दोन लहान म्हणजे ऐन वेळी गोंधळ. कंजूष आहेच, घरचेही म्हणतात. बाकीचं बघू.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे. 'व्ही३० बघा आणि डोळे मिटून घ्या' असं मी लिहिलं होतं. ते व्हिडिओपुरतं ठीक. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाणार नाही, ही हमी. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे कॅमेरे फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने घेतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागलं की साडेबारा एमबी. तेवढ्याला व्ही३० रगड झालं. पण ३० ही खालची हद्द झाली. एक व्ही३० कार्ड ४० ने लिहितं, दुसरं ८० ने, आणि पाकिटावर चिन्ह तेच. हार घालताना तुम्ही बटण दाबून धरता, रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेले कच्चे फोटो पंचवीस-पंचवीस एमबीचे, कॅमेऱ्याच्या पोटातली जागा भरते आणि तो लाल दिवा लुकलुकत बसतो. तो किती वेळ लुकलुकणार, हे कार्डाच्या लिहिण्याच्या वेगावर. तुम्हाला जाणवलेला फरक खरा आहे.

मात्र तो त्या २०० मुळे नाही. २०० हा वाचण्याचा वेग, म्हणजे घरी आल्यावर फोटो कॉम्प्युटरवर घेतानाचा. कार्ड उलटं करून बघा: मागे सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असेल, तर ते यूएचएस-१ प्रकारातलं. त्या प्रकाराचा ठरलेला कमाल वेग सेकंदाला १०४ एमबी. त्यावरचा वेग कंपन्या स्वतःच्या युक्तीने काढतात आणि त्याला त्यांच्या पद्धतीचा रीडरच (कार्ड कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) लागतो. साध्या रीडरमध्ये घातलंत की २०० वालं मुकाट्याने शंभराच्या आत येतं. म्हणून दुकानदाराला विचारायचं ते 'लिहिण्याचा किती?' हे. बहुतेक पाकिटांवर तो आकडा बारीक अक्षरांत मागच्या बाजूला असतो, किंवा नसतोच. नसला तर मी ते कार्ड घेत नाही.

५९ ची गोष्ट सोपी आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता पेढीवर १० चा. सोनं तेवढंच, तोळे वेगळे. कंपनी जीबी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीने. ६४ अब्ज बाइट दोन्हीकडे आहेत.

खरी फसवणूक कशी असते ते सांगतो. मावसभावाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी एका स्टॉलवरून १२८ जीबीचं कार्ड घेतलं, स्वस्त मिळालं म्हणून खूश. साखरपुडा उरकून घरी येऊन बघतो तर यादीत चारशेच्या वर नावं, पण पहिले तीनेकशे फोटो उघडले आणि पुढचे सगळे राखाडी. अंगठी घालतानाचा एकही नाही. आत ८ जीबीची चिप होती आणि तिला 'मी १२८ ची' एवढं बोलायला शिकवलेलं. फाइलींची नावं सुरुवातीच्या जागेत लिहिली जातात, त्यामुळे यादी भरलेली दिसते. फोटो मात्र कुठेच गेलेले नसतात. मावशी अजून तो विषय काढते.

दोन कार्डांचा माझा हट्ट तिथून आला. आता विचार केला तर त्या दिवशी दोन कार्डांनी काही वाचलं नसतं, दोन्ही त्याच स्टॉलवरची असती. तपासलं असतं तर वाचलं असतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री, कार्ड तपासायचे हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट. कार्ड काठोकाठ भरायचं आणि परत वाचून ताडून बघायचं. मोठ्या कार्डाला तासाच्या वर लागू शकतो, जेवायला बसताना लावून द्या. खरेदी परत करायची मुदत संपायच्या आत करा एवढंच.

तेव्हा तुमचं एकच मोठं कार्ड तुम्ही खुशाल वापरा. कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दोन्हींत एकाच वेळी लिहायला लावा, ऐन वेळी बदलाबदलीही नको. मूळ लेखातलं 'डोळे मिटून' मी आज काढून टाकतो.