ऑग्डेन यांच्या जमिनीची अर्धीच गोष्ट

शिकागोचे पहिले महापौर विल्यम बटलर ऑग्डेन यांच्याविषयीचा एक मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. खिशात दमडी नसलेला तरुण ओसाड दलदलीत आला, कोणाच्याही मदतीविना कोट्यधीश झाला, कारण जमिनीचा भाव कधीच पडत नाही हे त्याला ठाऊक होते, असा त्याचा गोषवारा आहे. तो वाचून माझा भाचा भविष्य निर्वाह निधीतली रक्कम काढून प्लॉटचा इसार द्यायला निघाला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

दमडी नसल्याची गोष्ट निखालस खोटी आहे. ऑग्डेन 1835 मध्ये शिकागोला आले, तेव्हा ते न्यूयॉर्कच्या विधिमंडळात निवडून गेलेले गृहस्थ होते आणि मेहुणे चार्ल्स बटलर यांच्या गोटाने घेतलेल्या एक लाख डॉलरच्या जमिनीचा कारभार पाहायला आले होते. त्यांना लहान वयातच घरचा व्यवसाय सांभाळावा लागला, एवढे मान्य. जमीन दलदलीची होती हेही खरे. ओसाड मात्र नव्हती, ती पोटावाटोमी आदी मूळ रहिवासी जमातींकडून तहांद्वारे काढून घेतलेली होती.

सर्वांत घातक थाप भावाची आहे. ऑग्डेन 1837 च्या मे महिन्यात महापौर झाले आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे बंद केले. शिकागोच्या शंभर वर्षांतील जमिनींच्या किमतींचा होमर हॉइट यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की 1836 मध्ये तिथल्या जमिनीचे एकूण मोल सुमारे 1 कोटी 5 लाख डॉलर होते आणि 1842 मध्ये ते सुमारे 14 लाखांवर आले. म्हणजे शंभराचे तेरा-चौदा उरले, तेही सहा वर्षांत! कर्जदार देणी बुडवण्याची भाषा करू लागले, तेव्हा त्यांना विरोध करायला खुद्द महापौरांनाच उभे राहावे लागले. भाव पडतच नसते, तर ही वेळ कशाला आली असती?

‘कोणाच्याही मदतीविना’ हेही तसेच. शिकागोला भाव आला तो मिशिगन सरोवर इलिनॉय नदीला जोडणाऱ्या कालव्यामुळे, आणि त्यासाठी अमेरिकी काँग्रेसने 1827 मध्येच इलिनॉय राज्याला सरकारी जमीन देऊन ठेवली होती.

1844 मध्ये 8 हजार डॉलरना घेतलेली मालमत्ता आठ वर्षांनी 30 लाखांना गेली, असे ऑग्डेन यांनी स्वतः सांगितल्याची नोंद आहे आणि मजकुरात तेवढेच ठळक केले आहे. आकडा मी नाकारत नाही. पण ही खरेदी भाव कोसळल्यानंतरची आहे. पुढे 1848 मध्ये कालवा पुरा झाला आणि त्याच वर्षी शिकागोहून पहिली रेल्वे धावली, जिच्या कंपनीचे अध्यक्ष ऑग्डेनच होते. भाच्याला दाखवलेल्या प्लॉटचा भाव आधीच चढलेला आहे आणि तिथे रस्ता कधी होणार, हे विकणाऱ्यालाही सांगता आलेले नाही.