आवाज कुणाचा?

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचाऽऽ' अशी आरोळी उठते आणि प्रत्येक कॉलेज छाती फुटेस्तोवर आपलं नाव सांगतं. ऑडिओबुक ऐकताना मलाही दर थोड्या वेळाने हेच ओरडावंसं वाटतं. आत्ता बोलतंय कोण? नायिका, तिची आत्या की आत्याची मोलकरीण? निवेदक एकच गृहस्थ, आणि बाईचं पात्र आलं रे आलं की त्यांचा आवाज नाकात चढतो. अठराची असो नाहीतर ऐंशीची, कादंबरीतली समस्त स्त्रीजात एकाच सर्दीने बेजार.

माझं म्हणणं एवढंच की वाचणाऱ्याने वाचावं, नाटक करू नये. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोचायचं असतं, तिथे हंबरडा फोडलात तर समजू शकते. इथे मी इअरफोन घालून बसले आहे. थेट माझ्या कानात शिरून रडायचं काय कारण? आणि हे पुणं आहे हो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांचं कथाकथन ऐकलेली माणसं इथे अजून गल्लोगल्ली भेटतात. त्या तिघांचं काम तोंडाने भागायचं. आताच्या कादंबरीत मात्र 'पाऊस पडू लागला' हे वाक्य आलं की खरोखरीचा पाऊस पाडल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. लेखकाने लिहिलंय, निवेदकाने वाचलंय, आम्हाला कळलंय, तरी वर पन्हाळीची धार. मागे असाच पाऊस स्पीकरवर लागला होता, तर सासूबाई गॅलरीतले वाळत घातलेले कपडे घेऊन आत आल्या.

खेड्यातला माणूस आला की दुसरी आपत्ती. वाक्याच्या सुरुवातीला 'आवं' आणि शेवटाला 'रं' लावलं की झाला शेतकरी! मग तो कोल्हापूरचा असो, जालन्याचा असो नाहीतर वऱ्हाडातला, सगळे एकाच पारावर वाढलेले. सासूबाई मूळच्या अकोल्याच्या. 'हा जर आमच्याकडचा असेल तर मी लंडनची,' एवढंच म्हणाल्या. एका बाईंनी 'चुलीजवळ' या शब्दात चिमणीतला च आणि जिलबीतला ज असे वापरले की ती चूल पेटणं शक्यच नव्हतं.

चांगलं वाचणारेही आहेत, नाही असं नाही. त्यांचा आवाज थोड्या वेळाने ऐकूच येईनासा होतो आणि नुसती गोष्ट उरते. पण अशांच्या वाट्याला बहुतेक वेळा रटाळ कादंबऱ्या आलेल्या असतात.

आमचे चिरंजीव कोथरूडहून हिंजवडीला जाता-येता बसमध्ये सगळं पावणेदोन पट वेगाने ऐकतात. त्या वेगात नायक-नायिकेची ताटातूट म्हणजे पुणे स्टेशनवरची गाडी सुटल्याची घोषणा. त्याला जरा सबुरी यावी म्हणून मी सांगितलं, 'अरे, १९३४ साली अमेरिकेत अंधांसाठी बोलती पुस्तकं निघाली, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला पंधराएक मिनिटांचंच वाचन मावायचं. दहा तासांच्या कादंबरीला वीस तबकड्या! दर पाव तासाने उठून बाजू पालटायची.'

'मग तू एक बटण दाबून मागे जायला का कुरकुरतेस?'

का म्हणजे? माझे हात कणकेत असतात म्हणून! या ॲपवाल्यांच्या डोळ्यांपुढचा श्रोता सोफ्यावर पाय पसरून बसलेला असावा. मी ओट्याशी उभी असते आणि फोन मिसळणाच्या डब्याला टेकवलेला असतो. परवा असंच, इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. खून कुणी केला ते आता कळणार. तर निवेदकाला नेमकी या क्षणी कुजबुजायची हुक्की आली. आधीच ऐकू येईना, त्यात कुकरने तिसरी शिट्टी दिली. चांगली लांबलचक. ती थांबली तेव्हा कुणालातरी बेड्या पडल्या होत्या आणि मागे सारंगी रडत होती. मी कोपराने स्क्रीनवर टिचकी मारली, तर गोष्ट थेट तिसऱ्या प्रकरणात. तिथे मेलेला माणूस धडधाकट असून 'चहात साखर कमी आहे' म्हणून तक्रार करत होता.

'आई, खुनी कोण निघाला हो?' मी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

'डॉक्टर,' मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या.

'तुम्ही ऐकलीत वाटतं पूर्ण?'

'छे गं. पहिल्याच प्रकरणात कळलं. बाकी सगळे सरळ बोलतात आणि डॉक्टर आला की हा मेला घोगरा आवाज काढतो.'

लेखकाने तीनशे पानं जिवाच्या आकांताने दडवलेलं गुपित निवेदकाने पहिल्या दहा मिनिटांत फोडून टाकलं.

त्यानंतर मी वाचनालयातून छापील पुस्तक आणलं. आता रविवारी दुपारी सासूबाई वाचतात आणि मी निवडणं-टिपणं करत ऐकते. नायक, नायिका, फौजदार, कुणीही असो, आवाज एकच. च आणि ज जागच्या जागी. पावसाळा खिडकीबाहेर असेल तरच. संपादन मात्र कडक असतं. 'पुढची दोन पानं नुसता सूर्यास्त आहे, सोडते.' प्रेमप्रसंग आला की 'इथे त्यांचं काहीबाही चाललंय' म्हणून पान उलटतं. फक्त मागच्या रविवारी नायिकेने आपल्या सासूला उलट उत्तर दिलं, तेव्हा त्या थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि सासूचं पुढचं वाक्य पूर्ण अभिनयासह वाचलं.