मेथडिस्ट लोक नियम पाळून तारण मिळवतात म्हणे

आपल्या ख्रिस्ती ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, मला एकट्यालाच चार जणांनी पाठवला. त्यात लिहिलंय की मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या नावातच 'मेथड' आहे, म्हणजे हे लोक नियम पाळून तारण (पापांपासून सुटका) मिळवायला बघतात, त्यांचे 'क्लास' म्हणजे हिशेब ठेवणं, ही चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींनी चर्च ऑफ इंग्लंडशी, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी भांडून आपला वेगळा धर्म काढला, आणि तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देऊन हे लोक पवित्र शास्त्राविरुद्ध वागतात. मी मेथडिस्ट मंडळीतच लहानाचा मोठा झालोय, हे वाचून गप्प बसवत नाही.

नावाचं आधी सांगतो. हे नाव वेस्लींनी ठेवलेलंच नाही. १७२९ नंतर ऑक्सफर्डला ते, त्यांचा भाऊ चार्ल्स आणि काही मित्र ठरल्या वेळी प्रार्थना, उपास, शास्त्रवाचन करायचे, कैद्यांना भेटायला तुरुंगात जायचे, त्यावरून लोकांनी चिडवायला हे नाव पाडलं आणि तेच चिकटलं.

वेगळा धर्म म्हणाल तर १७२८ मध्ये वेस्लींची चर्च ऑफ इंग्लंडचे याजक म्हणून दीक्षा झाली आणि १७९१ ला वारले तेव्हाही ते त्याच चर्चचे याजक होते. १७८४ मध्ये अमेरिकेतल्या लोकांना प्रभुभोजन द्यायला पुरेसे याजक नव्हते म्हणून त्यांनी स्वतःच दीक्षा दिल्या, हे त्या चर्चच्या रीतीबाहेरचं होतं, चार्ल्सलाही ते पटलं नव्हतं, एवढं मान्य करायलाच हवं. पण तेव्हा त्यांनी तिकडे धर्मतत्त्वं कुठली पाठवली, तर चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांतूनच काढलेली २४, आणि तिकडच्या कॉन्फरन्सने (मेथडिस्टांच्या सभेने) एक घातलं म्हणून २५ झाली. यात नवा धर्म कुठे आला?

बाळांचा बाप्तिस्मा चालू ठेवावा हे त्याच कलमांमध्ये आहे. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये लुदिया आणि तुरुंगाचा अधिकारी यांच्या अख्ख्या घराण्याचा बाप्तिस्मा झालाय. त्यात बाळं होती असं तिथे लिहिलेलं नाही, नव्हती असंही नाही, त्यामुळे यावर ख्रिस्ती लोकांत प्रामाणिक मतभेद आहेत, पण म्हणून कोणी शास्त्र सोडलंय असं होत नाही.

आता तारण, मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. त्या २५ कलमांतलं नववं सरळ म्हणतं की आपण नीतिमान ठरतो ते फक्त येशू ख्रिस्तामुळे, विश्वासाने, आपल्या कर्मांनी नाही. दहावं म्हणतं सत्कर्मं ही विश्वासाची फळं, त्यांनी पाप धुतलं जात नाही. आणि खरं सांगायचं तर मेसेजमध्ये ज्याला नावं ठेवलीत ते वेस्लींनी स्वतः करून बघितलं होतं, कित्येक वर्षं नियम पाळले तरी मनाला शांती नव्हती, मग २४ मे १७३८ ला संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना कोणीतरी वाचत होतं, ती ऐकताना ख्रिस्ताने आपलीच पापं दूर केलीत अशी त्यांची खात्री पटली.

मग नियम कशाला, असं विचाराल. वेस्लींनी आपल्या अनुयायांच्या गटांना, म्हणजे सोसायट्यांना, घालून दिलेले १७४३ चे नियम तीनच, वाईट करू नका, चांगलं करा, प्रार्थना-शास्त्र-प्रभुभोजन सोडू नका. सोसायटीत यायला अट मात्र एकच होती, पापापासून सुटायची मनापासून इच्छा. नियम आत आल्यावरचे, ते दाराचं तिकीट नव्हतं.

ज्या 'क्लास'ला, म्हणजे सोसायटीतल्या लोकांच्या छोट्या गटाला, मेसेजवाले हिशेब ठेवणं म्हणतात तो सुरू कसा झाला बघा. १७४२ ला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट सभागृहावर कर्ज होतं, ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. कोणीतरी म्हणालं पुष्कळ लोक गरीब आहेत, त्यांना जमायचं नाही. त्यावर कॅप्टन फॉय नावाचा माणूस म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण मला द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्यांना जमेल ते देतील, ज्यांना नाही जमणार त्यांची मी भरीन. असे घरोघर जायला लागल्यावर कोण दारूत अडकलंय, कोणाच्या घरात भांडणं आहेत ते कळायला लागलं, आणि पैसे गोळा करायला गेलेली माणसं त्यांच्यासाठी प्रार्थना करायला थांबायला लागली.