अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे

चाचणी झालेले बिल्ड (सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती) प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या प्रणालीवर, सोडण्याची मंजुरी चॅटमधल्या एका अंगठ्याच्या इमोजीवर घेण्याची ही पद्धत आता असह्य झाली आहे. तो अंगठा मंजुरीचा होता की केवळ 'वाचले' एवढ्यापुरता, हे कोणी ठरवायचे? मंजुरी नेमक्या कोणत्या बिल्डला होती, आणि उरलेले दोष मान्य करून दिली की त्यांची कल्पनाच नसताना? संध्याकाळी 'ओके' येते, रात्री त्याच ब्रँचमध्ये (कोडच्या शाखेत) नवा कोड मर्ज होतो, म्हणजे मिसळला जातो, आणि सकाळी ग्राहकाकडे बिघाड झाला की जाब मात्र टेस्टरलाच विचारला जातो! पुरावा शोधावा, तर मूळ संदेश कोणीतरी बदललेला असतो; स्लॅक या चॅट-ॲपच्या मोफत योजनेत तर ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसतही नाहीत. जिरा या कामे व दोष नोंदवण्याच्या साधनामध्ये बिल्ड क्रमांकासह मंजुरी नोंदवायला दोन मिनिटे पुरतात, तेवढीही कोणाकडे नसावीत?