जंतू मेले म्हणून दात वाचत नाहीत

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांच्या कमी फ्लोराइडच्या पेस्टनं मोठ्यांच्या पेस्टइतकेच जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. जंतू मेले की कीड लागत नाही. फ्लोराइड पोटात गेलं तर विष. तेव्हा लहानांना कमी फ्लोराइडचीच पेस्ट द्या, जमलं तर बिनफ्लोराइडची. यातलं पहिलं विधान बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच पुढची सगळी सहज गळी उतरतात.

‘प्रयोगशाळेत सिद्ध झालंय’

हा प्रयोग असा असतो. काचेच्या बशीत अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या थरावर स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा कीड लावणारा जंतू वाढवतात. थराला छोटी भोकं पाडून त्यांत पेस्ट भरतात. एक दिवस बशी उबेत ठेवली की भोकाभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसतं, त्याचा व्यास मोजायचा. पण हे वर्तुळ फ्लोराइडमुळेच पडलं कशावरून? पेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेटही जंतू मारतं. त्यामुळे ५०० पीपीएमची (पेस्टच्या दहा लाख भागांत ५०० भाग फ्लोराइड) आणि १००० पीपीएमची पेस्ट सारखंच वर्तुळ दाखवू शकते. शिवाय तोंडात पेस्ट दिवसभर राहत नाही. जेमतेम दोन मिनिटं असते, तीही लाळेनं पातळ झालेली, आणि तिथले जंतू दातावरच्या चिकट थरात दडलेले असतात.

‘जंतू मेले की कीड लागत नाही’

खरा घोळ इथे आहे. तोंड कधीच निर्जंतुक होत नाही; घासलेल्या दातावर काही तासांत जंतूंचा थर पुन्हा धरू लागतो. हे जंतू साखरेचं आम्ल करतात. पीएच (आम्लपणाचं माप; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. मग लाळ ते हळूहळू परत भरून काढते. ही झीज-भरपाई दिवसभर चालू असते, आणि फ्लोराइडचं मुख्य काम या भरपाईत आहे. लाळेत ते थोडं जरी असलं तरी खनिज लवकर बसतं, आणि फ्लोराइड घेऊन बसलेलं खनिज आम्लापुढे जास्त टिकतं. फ्लोराइड जंतूंच्या एनोलेज या विकरालाही (एन्झाइमलाही) अडवतं, पण दात वाचवण्यात त्याचा वाटा दुय्यम.

मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात बघा. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती बहुतेक वेळा किडीची सुरुवात असते. खड्डा पडायच्या आधी ती थांबवता येते. पण तिथून गेलेलं खनिज जंतू मारून परत येत नाही, ते पुन्हा बसावं लागतं.

‘कमी फ्लोराइड पुरतं’

याचं उत्तर बशीत नाही, मुलांच्या तोंडात शोधायला हवं, आणि ते शोधलेलं आहे. कॉक्रेन या संस्थेनं मुलांवरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. १००० पीपीएम आणि त्यापुढच्या पेस्टनं कीड कमी होते, याचा पुरावा भक्कम निघाला. ५५० पीपीएम आणि त्याखाली मात्र बिनफ्लोराइडच्या पेस्टपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची टूथपेस्ट घेतली, तीही १००० ते १५०० पीपीएमची. आपल्याकडे मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्यूबवर ५००च्या आसपासचा आकडा असतो. तो बारीक अक्षरांत असतो, पण वाचाच.

‘फ्लोराइड विष आहे’

मात्रा सांगितल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट सांगितली जाते, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. ती सगळी गिळली तरी पोटात जातं ०.१ मिलिग्रॅम. तातडीनं दवाखाना गाठायची पातळी वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम धरतात. १२ किलोच्या मुलासाठी ती ६० मिलिग्रॅम होते. आता जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पट्टी घ्या, एक ग्रॅम, आणि ती ५०० पीपीएमची गोड स्ट्रॉबेरीची. मुलानं ती चाटून टाकली तर ०.५ मिलिग्रॅम, दाण्याच्या पाचपट. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती मोठ्यांनीच ब्रशवर लावावी आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागू देऊ नये.

दातांवर डाग पाडणारा फ्लोरोसिस खरा आहे, पण आपल्याकडे त्याचं मोठं कारण पाणी आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या वर जातं. तशा गावातल्या मुलाला कोणती पेस्ट द्यायची, हे आधी पाणी तपासून आणि दंतवैद्याला विचारून ठरवावं. पाण्यात असं फ्लोराइड नसलेल्या गावा-शहरांतल्या घरांनी मात्र १००० पीपीएमची पेस्ट घ्यावी, वयाप्रमाणे दाण्याएवढी किंवा वाटाण्याएवढीच लावावी, आणि घासून झाल्यावर मुलाला थुंकायला सांगावं, खळखळून चूळ भरायला नको.